चांदीचं पाणी

कुरखेडा
१२ जानेवारी २०२५

दिव्यानी,

जय भीम. फोन लागत नाई, म्हणजे तू माहा नंबर अजून बंदच ठेवला आहे. जावई कुलदीपरावाच्या नंबरवर करायची हिंमत नाई झाली. म्हणून हे पत्र. पाकिटावर माहं नाव टाकलं नाई, नाई तर तू न फोडताच ठेवून देशील.

एकच गोष्ट सांगायची आहे. दिवाळीत तुही मावसबहीण दीपाली तुह्याकडे बल्लारपूरले आली होती, तिच्या हातून मी डबा पाठवला होता. करंज्या, सुगतसाठी स्वेटर, अन् निळ्या झाकणाच्या दोन शिशा. त्या शिशा पोराले देऊ नको. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, सर्दीखोकला झाला की रोज एक चमचा दे, चांदीचं पाणी आहे, नॅनो आहे, लेकराले चालते. ते सगळं खोडून टाक. देऊन राह्यली असशील तर आजच बंद कर. पोराचा हात पुरणार नाई अशा जागी ठेवून दे.

काऊन म्हणून विचारू नको. माल खराब निघाला असं समज.

मी बरी आहे. यंदा मंडई-जत्रांचा सीझन जोरात आहे, गावोगावचे खेळ लागले आहेत. 'सावत्र' नावाचं नवीन नाटक बसवलं मुखरूभाऊनं. कंपनीचा मालक असून स्वतः पेटी वाजवतो आता, इतका खुश आहे. मले आईचा रोल आहे, रडायचे तीन सीन. लोक पैशाचा पाऊस पाडतात.

एक ओळ लिहून पाठव. नुसतं 'नाई दिलं' इतकं लिहिलं तरी चालते.

तुही आई


कुरखेडा
३० जानेवारी

दिव्यानी,

पत्र भेटलं का नाई, समजत नाई. दीपालीले पुन्हा विचारलं. ती म्हणते, "मावशी, तिच्या हातातच देल्ली ना मी डबा. तिनं घेतला, चहाबी नाई विचारला, पण घेतला." म्हणजे शिशा तुह्या घरात आहेत.

तू रागात आहेस, मले ठाऊक आहे. सासरी तू सांगितलं होतं, आई शिवणकाम करते. मग मागच्या सीझनले ब्रह्मपुरीच्या मंडईत तुह्या सासूनं नाटकाचं पोस्टर पाह्यलं, त्यावर मी. त्या दिवशी तू फोनवर किती बोलली! म्हणाली, "मले विचारून तरी नाटकात गेली होती का तू?" मले हसू आलं. तुह्या जन्माच्या आधीपासून मी झाडीपट्टीच्या स्टेजवर आहे बाई, तुले कशी विचारू? त्या हसण्यावर तू फोन ठेवला, तो ठेवलाच.

ते असू दे. शिशीचं सांगतो.

तुले माहीत आहे माहा गळा कसा बसते. आमचा खेळ सुरू झाला की उजाडतपर्यंत चालते अन् दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. दोन सीझनच्या आधी गळा असा बसला की मुखरूभाऊ म्हणाला, बाई, डॉक्टरले दाखवा नाई तर रोल दुसरीले देतो. तेव्हा प्रवीणनं शिशी आणून देल्ली. प्रवीण म्हणजे आमचा लाईटवाला, चांगला पोरगा आहे. सीझन संपला की काही ना काही विकते, एकदा कुकर विकत होता. 'नॅनो चंदेरी' नाव त्या पाण्याचं. म्हणाला, "बाई, यात चांदी हाय, पण इतकी बारीक का डोळ्याले दिसत नाई. कुठीही शिरते. रगतात, हाडात, कुठीही."

कुठीही शिरते, हेच त्याचं मोठेपण म्हणून तो सांगत होता, अन् मीबी तसंच ऐकलं.

मी रोज सकाळी अन् मेकप करताना एक-एक चमचा घेत होती. गळा सुटला. पाण्यानं सुटला का गरम पाण्याच्या गुळण्यांनी, कोण सांगेल? मी मात्र ज्याले त्याले सांगत सुटली. प्रवीणनं वडसाच्या स्टुडिओत माहा फोटो काढला, हातात शिशी, नऊवारी, नथ. खाली लिहिलं, 'माधवीबाईंच्या गोड गळ्याचं गुपित'. ते पोस्टर आता बाजाराबाजारात लागते.

माहा रंग थोडा उतरला आहे इतक्यात. उन्हाचं असेल. पण तू शिशी देऊ नको.

सुगतच्या नखांकडे पाहून लिही. गुलाबी आहेत ना?

आई


कुरखेडा
१६ फेब्रुवारी

दिव्यानी,

आता खरं लिहितो.

माहा चेहरा निळा पडला आहे. एकदम निळा नाई, राखेत नीळ कालवल्यासारखा. आधी नखं झाली, मग हिरड्या. मले वाटलं पानाचा रंग असेल, पान बंद केलं. मग दिवाळीनंतर कपाळ अन् गाल. अंग झाकलेलं राह्यते तिथी कमी आहे, उन्हात राह्यते तिथी जास्त. आमचा मेकपवाला पहिल्यांदा म्हणाला, "बाई, तुमच्या तोंडावर रंग बसून नाई राह्यला, खालून दुसराच वर येते." तेव्हापासून मी आपला मेकप आपण करतो, दार लावून. तेव्हाच मले या पाण्याचा संशय आला, म्हणून तुले पहिलं पत्र टाकलं.

बाजारात तोंडाले स्कार्फ बांधून जातो. घरमालकीण केसरबाई म्हणाली, कावीळ उलटली. तिनं हळद-बेसन वाटून आणलं, स्वतः लावून देल्लं. माया आहे तिले. पण तिची सून माह्या हातचा चहाचा कप वेगळा धुते, ते मी पाह्यलं.

मागच्या सोमवारी चंद्रपूरले चामडीच्या डॉक्टरीणकडे गेली. तरुण आहे, तुह्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. माहा हात धरून खिडकीजवळ घेऊन गेली, नखं पाह्यली, डोळ्याची पापणी उलटून पाह्यली.

"तुम्ही चांदीच्या कारखान्यात काम करता?"

"नाई, नाटकात."

"मग चांदी पोटात घेता का काही?"

मी हसली. मग पिशवीतून शिशी काढून टेबलावर ठेवली. तिनं शिशी फिरवून लेबल वाचलं.

कानामागचा कातडीचा बारीक तुकडा काढून तिनं नागपूरले तपासाले पाठवला. काल रिपोर्ट आला, पुन्हा गेली. तिनं सोप्पं करून सांगितलं. पूर्वी फोटोच्या फिल्मवर चांदी असायची, उजेड पडला की काळी व्हायची. माह्या कातडीत तेच होऊन राह्यलं. पोटातून गेलेली चांदी कातडीत जाऊन बसली अन् उन्हानं काळवंडते.

मी विचारलं, "किती दिवसांत जाईल?"

"जाणार नाही, मावशी."

मी म्हणाली, मलम असेल, गोळी असेल. ती म्हणाली, "मोठ्या शहरात लेझर करतात, थोडा फरक पडतो कधी कधी, पण मी तुम्हाला आशा लावणार नाही. उन्हात जाऊ नका आणि ते पाणी आजपासून बंद."

"अन् आतमध्ये? किडनी, काळीज?"

"आजच्या तपासणीत सगळं ठीक आहे. पण इतके बारीक कण वर्षानुवर्षं आत राहिले तर काय करतात, हे अजून कुणालाच पूर्ण माहीत नाही. मी घाबरवणार नाही, आणि खोटा धीरही देणार नाही."

बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसली. मले माह्या चेहऱ्याचं रडू नाई आलं तेव्हा. मले सुगत दिसला, तोंड उघडून चमच्याची वाट पाहत. तो गोड पदार्थ नाई मागत, कडू औषधबी घेते, हे मीच दीपालीकडून ऐकलं होतं, अन् किती कौतुक वाटलं होतं मले.

डॉक्टरीण म्हणते, लहान अंगाले तेवढंच पाणी जास्त होते. दिव्यानी, मले शिव्या दे, पण लिही.

आई


कुरखेडा
९ मार्च

दिव्यानी,

तुह्याकडून काही नाई आलं. मी लिहीत राहतो.

मुखरूभाऊले सांगावंच लागलं. तालमीच्या हॉलमध्ये दुपारी कोणी नव्हतं, मी तोंड धुवून त्याच्यासमोर बसली. तो पेटीवरची बोटं उचलायची विसरला, सूर लांब वाजत राह्यला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही पडद्यामागं प्रॉम्प्टिंग करा. तुमचा पगार मी नाई तोडत."

"भाऊ, मेकपमध्ये दिसत नाई ना?"

"दिसते बाई. पुढच्या रांगेतले लोकं विचारून राह्यले, हिले झालं काय म्हणून. अन् त्या पोस्टरमुळं लोकं तुमचं तोंड जास्तच पाह्यतात."

त्यानं वाईट मनानं नाई म्हटलं. पण मले आता पडद्यामागून दुसऱ्या बाईले माहे संवाद सांगावे लागतात. ती चुकीच्या जागी रडते.

प्रवीणले मी डॉक्टरचा कागद दाखवला. वाचला त्यानं, दोनदा. म्हणाला, "बाई, हजार लोकं पिऊन राह्यले, कोणाले नाई झालं. तुमचं अंगच नाजूक असेल. मी स्वतः पितो." मी म्हटलं, नखं दाखव. त्यानं हात खिशात घातले. पोस्टर काढ म्हटलं, तर म्हणाला, सीझन संपला की काढतो.

आजकाल मी दुकानात गेली की डब्बे उलटून वाचत बसतो. मोज्यावर नॅनो, गोऱ्या होण्याच्या क्रीमवर नॅनो, दातांच्या ब्रशवर, पाण्याच्या फिल्टरवर. दुकानदार हसते, म्हणते, "बाई, नॅनो म्हणजे चांगलं." डॉक्टरीणले फोन करून विचारलं. ती म्हणाली, सगळं एकसारखं नसतं, पायात मोजा घालणं वेगळं अन् दोन वर्षं रोज पिणं वेगळं. पटलं मले. पण डब्ब्यावर तर दोघांवर एकच शब्द असते, मोठ्या अक्षरात. आपल्यासारख्यानं ओळखायचं कसं?

आता जे सांगतो ते चार दिवसांपासून कोणाले नाई सांगितलं.

बसस्टँडवर मी तिकिटाचं विचारून बसली होती, तर एक बाई माह्या बाजूले येऊन बसली. सोमारी नाव, जंगलातल्या गावातली, डिंक अन् चारोळी विकाले आली होती. सोबत तिची नात, करिश्मा, सुगतएवढीच असेल. पोरीले खोकला. सोमारीनं पदराची गाठ सोडून निळ्या झाकणाची शिशी काढली, झाकणात ओतून पोरीले पाजली. मले म्हणाली, "लय गुणाचं पाणी हाय बाई. ते नाटकवाली माधवीबाई पेते ना, तेच. तिचा फोटो पाहून घेतलो."

माहं तोंड स्कार्फमध्ये होतं. मी काही बोलली नाई, दिव्यानी. 'देऊ नको' इतकेच दोन शब्द होते. रडायचे तीन-तीन सीन करणाऱ्या माह्या तोंडातून ते निघाले नाईत, कारण मग स्कार्फ काढावा लागला असता. बस आली, त्या चढल्या, गेल्या.

तुले पत्रात लिहिणं सोप्पं आहे. तू पाहत नाईस मले.

आई


कुरखेडा
२३ मार्च

दिव्यानी,

आज बाजार होता. सकाळीच ठरवलं. पावडर लावली नाई, स्कार्फ घेतला नाई. केसरबाई दारात आडवी आली. "माधवे, लोकं काय म्हणतीन?" मी म्हटलं, म्हणू दे.

प्रवीणचं टेबल धान्याच्या ओळीले लागून आहे. मागं माहं पोस्टर, माणसाच्या उंचीचं. मी जाऊन त्याच्या बाजूले उभी राह्यली. काही बोलायची गरजच नाई पडली पहिल्यांदा. लोकं पोस्टरकडे पाहत, मग माह्याकडे, मग पुन्हा पोस्टरकडे. एक बाई म्हणाली, "हे तेच का?" मी म्हटलं, "हो, मीच माधवी. दोन वर्षं हेच पाणी पेल्ली, त्यानं असं झालं. कोण्या लेकराले देऊन राह्यले असाल तर बंद करा."

स्टेजवर माहा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. आज माह्याच कानापर्यंत धड येत नव्हता.

प्रवीणचं तोंड उतरलं. "बाई, काऊन असं करून राह्यल्या? माह्या पोटावर पाय नका देऊ."

"तुह्या पोटात काय जाऊन राह्यलं ते आधी पाह्य."

"कंपनीनं कागद देल्ला हाय मले! काही अपाय नाई म्हणून!"

"मग मले काय झालं, प्रवीण? सांग ना या लोकांले."

गर्दी झाली. कोणी म्हणालं, दोघांचं भांडण असेल, माल विकायचा वाद. एक माणूस हसला, म्हणाला, नाटकवाली बाई हाय, रंग लावून आली असेल. मी तिथंच कोणाच्या तरी टोपलीजवळच्या लोट्यातलं पाणी घेतलं अन् सगळ्यांसमोर तोंड घासून धुतलं, पदरानं पुसलं. पदर पांढरा होता, पांढराच राह्यला. तो माणूस मग हसला नाई.

गर्दीतून सोमारी आली. नातीले कडेवर घेतलं होतं. माह्यासमोर उभी राह्यली, माहं तोंड पाह्यलं तिनं. मग विचारलं, "बसस्टँडवर तूच होती ना? आवाज ऐकलो मी तुहा, तिकिटाचं विचारली तेव्हा."

"हो."

"तेव्हा काऊन नाई सांगितली?"

तिनं थांबूनबी नाई पाह्यलं उत्तरासाठी. करिश्माचा हात धरून माह्या हाताजवळ आणला, नखाले नख लावलं. उन्हात आम्ही दोघी वाकून पाहत होतो. पोरीची नखं मळलेली होती. मी पदरानं पुसली. बुडाशी किंचित काळपट वाटलं मले, सोमारीले नाई वाटलं. मग तिले वाटलं, तर मले नाई.

तिनं शिशी टेबलावर ठेवली, आपटली नाई, नुसती ठेवली. प्रवीणले म्हणाली, "तुह्या घरी लेकरू हाय का?"

प्रवीण म्हणाला, "हाय."

"त्याले देते?"

त्याचं लेकरू अजून पोटात आहे, बायकोले सातवा महिना आहे, दिव्यानी, अन् ती रोज घेते, हे मले नंतर त्यानंच सांगितलं. तेव्हा मात्र त्यानं गुपचूप शिशा खोक्यात भरल्या. पोस्टर काढायला गेला तर ते मधूनच फाटलं.

सोमारी अन् पोरीले घेऊन मी उद्या चंद्रपूरले जातो. औषधवाल्या सरकारी ऑफिसात तक्रारबी लिहून देतो, शिशी सोबत नेतो.

तुही आई


कुरखेडा
११ एप्रिल

दिव्यानी, माय,

तुहं पत्र परवा आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी मोहफुलं सुकत घालून राह्यली होती, सावलीत. हात न धुताच फोडलं.

तू लिहिलं, एक शिशी संपली होती अन् दुसरी अर्धी. माहं पहिलं पत्र येतपर्यंत तू रोज देत होती.

मले वाटत होतं, तू डबा न उघडताच फेकला असशील. खरं सांगतो, माहा सगळा भरोसा तुह्या रागावरच होता. मनातल्या मनात म्हणत होती, रागात राह्य, माह्या हातचं काही घेऊ नको. अन् तू नंबर बंद करून, एक शब्द न बोलता, माह्या चिठ्ठीत लिहिलं तसं चमच्यानं मोजून पोराले देत होती. कारण आईनं पाठवलं म्हणून. असा भरोसा कोणी कोणावर ठेवू नये बाई.

तू डॉक्टरले दाखवलं ते बरं केलं. ते म्हणतात, इतक्यानं काही होणार नाई, बहुतेक. 'बहुतेक' खाली तू रेघ ओढली आहे. करिश्माचंबी असंच म्हणाली आमची डॉक्टरीण. वर्षभर घेतलं पोरीनं, रक्त तपासलं, वाढ बरोबर आहे, नखांचं आजच नाई सांगता येत, सहा महिन्यांनी पुन्हा आणा. सोमारी मले परत येताना बसमध्ये म्हणाली, "सहा महिने मी रोज पोरीची बोटं पाहीन का?" आता ती बाजारात आली की पोरीले घेऊन माह्या घरी येते, आम्ही दोघी उजेडात बोटं पाह्यतो. मग चहा पितो.

तक्रारीचं काय झालं विचारलं होतं तू. शिशी ठेवून घेतली, पोच देल्ली. शिशीवर बारीक अक्षरात 'औषध नाही' असं लिहिलं आहे, ते त्यांनी मले बोट ठेवून दाखवलं. प्रवीणनं विकणं सोडलं, बायकोले घेऊन नागपूरले तपासाले गेला आहे. पण चामोर्शीकडच्या बाजारात दुसरा कोणी तेच पाणी विकून राह्यला म्हणतात, हिरव्या झाकणात. मुखरूभाऊनं गाडी देतो म्हटलं, जाऊन येईन तिकडं. माह्या चेहऱ्याचा आता तेवढाच उपयोग आहे, तर होऊ दे.

तू लिहिलं की सासूले तू सांगितलं, माही आई शिवणकाम नाई करत, नाटकात काम करते, अन् मी तिच्याकडे जाऊन राह्यली. ती काय म्हणाली ते तू नाई लिहिलं. मी विचारत नाई.

बल्लारपूरहून सकाळच्या गोंदियाच्या गाडीत बस, वडसाले उतर. मी स्टेशनवर येईन. स्कार्फ नाई बांधणार. सुगतले आधी सांगून ठेव का नको, हे तू ठरव. सांगितलं तरी पोरगं ते पोरगंच, घाबरेलच. घाबरला तर त्याले माह्याकडे ढकलू नको, 'आजी आहे, पाया पड' म्हणू नको. मी प्लॅटफॉर्मवर जरा दूर उभी राहीन. त्याचं पाहून होऊ दे. तो आपणहून येईल तेव्हा येईल.

नाई आला, तर तुम्ही दोघं पुढं चाला, मी मागून येतो.

आई